पोरांच्या नावाचा पैसा गावात कसा येईल

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेनंतर बऱ्याच गटांनी "लिहून द्या, बैठकीत वाचतो" म्हटलं, म्हणून जवळपास जसंच्या तसं देत आहोत.)

 

मला आज खरं तर कर्ज परतफेडीवर बोलायचं होतं. पण परतफेडीचं आपल्या बँक सखी माझ्यापेक्षा चांगलं सांगतात, आणि दर महिन्याला सांगतातच. म्हणून अध्यक्ष ताईंना विचारून मी दुसरा विषय घेतला. आपल्या पोरांचा. बारा-तेरापासून अठरापर्यंतच्या. आणि ती पोरं वाकड्या वाटेला लागू नयेत, लागली तर परत यावीत, यासाठी सरकार जो पैसा काढतं त्याचा.

आधी दोन प्रश्न विचारते. गेल्या वर्षात तुमच्या गावातलं अठरा वर्षांखालचं एखादं पोरगं पोलीस ठाण्यात नेलं होतं का? ज्यांच्या गावात असं झालं त्यांनी हात वर करा. (बरेच हात वर झाले.) बरं, खाली करा. आता तुमच्या गावातली ग्राम बाल संरक्षण समिती शेवटची कधी बसली, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हात वर करा. (दोन हात.)

पहिल्या प्रश्नाला इतके हात आणि दुसऱ्याला दोन. माझं आजचं बोलणं या दोन्हींच्या मधल्या जागेबद्दल आहे.

गावाच्या शांततेसाठी सरकारचा पैसा, हे आपल्याला नवीन नाही. तुमच्यातल्या जुन्या ताईंना आठवत असेल, १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले तंटे गावातच मिटवायचे, आणि गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येप्रमाणे एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस. कितीतरी गावांच्या वेशीवर अजून तो फलक दिसतो. रंग उडाला असेल, पण फलक आहे.

त्या मोहिमेने चांगलं काम केलं, बांधावरून होणारी भांडणं मिटली, कोर्टातल्या चकरा वाचल्या. पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. बक्षिसाचा पैसा तंटे मिटवण्याशी बांधलेला होता. मग जे मिटवायचं नसतं तेही मिटवायची घाई होते. कुणाच्या पोरीवर हात टाकला, आणि चार माणसं ओसरीवर बसून "गावाचं नाव जाईल" म्हणून समझोता करतात. ताई, लहान मुलीवरचा लैंगिक अत्याचार हा तंटा नाही. पॉक्सो कायद्याखाली त्याची तक्रार करणं बंधनकारक आहे, माहीत असून लपवणं हाही गुन्हा आहे. तो कुठल्याही समितीला मिटवता येत नाही. त्या मुलीसाठी सरकारची वेगळी तरतूद आहे, मनोधैर्य योजना, २०१३ पासून. दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. हे एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

मी हे का सांगितलं? सरकारचा पैसा ज्या अटीवर येतो, तसं काम गावात होतं. हे जगभर असंच आहे. समाजकार्याचं शिकताना आम्हाला अमेरिकेचा १९७४ चा एक कायदा शिकवला होता. तिथलं केंद्र सरकार राज्यांना बालगुन्हेगारी रोखण्यासाठी अनुदान देतं, पण अट घालून, की पोरांना मोठ्या कैद्यांबरोबर ठेवायचं नाही. अट पाळली नाही तर पैसा कापला जातो. पैशाच्या दोरीने राज्यं वळतात, तशी ग्रामपंचायतही वळते. फक्त दोरी कुणीतरी हातात धरायला पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू. आपल्याला नदीपलीकडे वर्धा जिल्हा. तिथे १९७५ पासून दारूबंदी आहे. वणीकडून पलीकडे चंद्रपूर, तिथे २०१५ ते २०२१ बंदी होती. मधे आपलं यवतमाळ, इथे दुकानं उघडी. आपल्याही जिल्ह्यात बायांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, स्वामिनीच्या आंदोलनात तुमच्यातल्याच कितीतरी जणी उन्हात बसल्या होत्या. बंदी झाली नाही. पण शेजारी बंदी आणि आपल्याकडे दुकान, याचा अर्थ काय होतो हे नदीकाठच्या गावांना विचारा. इकडची बाटली तिकडे दुप्पट भावाला. नेणार कोण? मोठा माणूस पकडला गेला तर आत जातो, म्हणून पोरगं. मोटारसायकल त्याची नाही, माल त्याचा नाही, पैसे हजार-पाचशे. शाळा सोडलेलं, घरी बाप नाही किंवा असून नसल्यासारखा.

अशा एका घरात मी गेले होते. गाव सांगत नाही, तालुका सांगत नाही. सांगताही येत नाही, कारण अशा मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे. (हे व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवणाऱ्यांनाही सांगा.) पोरगं सोळा वर्षांचं. पलीकडे पकडलं. आई आपल्यासारख्याच एका गटाची सदस्य. दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत तिने पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. दिलं गटाने. वहीत लिहिलं, आजारपण.

मी वही तपासत होते तेव्हा तिला विचारलं, काकू, कोण आजारी होतं? ती काही बोलेना. मग बाजूला नेऊन म्हणाली, "पोट्ट्याले सोडवाले देल्ले बाई. एक जण म्हने मी करून देतो." त्या एका जणाने काय केलं हे तिला आजही माहीत नाही. पोरगं घरी आलं ते बाल न्याय मंडळाच्या आदेशाने आलं, जे तसंही येणारच होतं. पंधरा हजार मात्र गेले. ते तिने कापूस वेचून फेडले, व्याजासकट, एकही हप्ता न चुकवता. आपल्या परतफेडीच्या टक्केवारीत ते पंधरा हजारही आहेत, ताई.

आता ऐका, की त्या काकूंना काय माहीत असायला पाहिजे होतं. हे जरा हळू सांगते, लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

अठरा वर्षांखालचं मूल पकडलं गेलं तर त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे, बाल न्याय अधिनियम, २०१५ चा. त्याला कागदोपत्री आरोपी म्हणत नाहीत, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. शब्द अवघड आहे, पण मला तो आवडतो. कायद्याशी त्याचा झगडा झालाय, एवढंच त्यात म्हटलंय. त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, तुरुंगात ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. आईबापाला कळवावं लागतं. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारा. चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक बाई असावीच लागते. आणि साध्या गुन्ह्यात तर एफआयआरसुद्धा होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद करून मुलाच्या घरची परिस्थिती काय आहे त्याचा अहवाल मंडळाला द्यायचा असतो. गुन्हा अतिगंभीर असेल, किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केला असेल, तर मात्र एफआयआर होतो.

जामीन हा अशा मुलाच्या बाबतीत नियम आहे, जामीनदार असो की नसो. मुलाला सोडल्याने त्यालाच धोका होईल, किंवा तो परत वाईट संगतीत जाईल, असं मंडळाला वाटलं तर निरीक्षणगृहात ठेवतात. वकील फुकट मिळतो. पुन्हा सांगते, फुकट. बाई, मूल, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, यांना उत्पन्न किती आहे हे न विचारता मोफत वकील देणारा कायदा १९८७ पासून आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती. फोन नंबर १५१००. मुलांसाठी १०९८. हे दोन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, जिथे आपण दशसूत्री लिहितो त्याच्या शेजारी.

आणि तो, ज्याने पोराच्या हातात पेटी दिली? याच कायद्यात लिहिलंय. मुलाला दारू न्यायला, विकायला, पोचवायला वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे पोरगं पकडलं गेलं की खरा आरोपी अजून मोकळाच असतो. त्या काकूंना हे कुणी सांगितलं असतं तर त्या त्या माणसाचं नाव मंडळासमोर सांगून मोकळ्या झाल्या असत्या. निदान सांगू शकल्या असत्या. गावात राहून असं नाव घेणं सोपं नाही, हे मला कळतं. एकटीने तर नाहीच.

मागच्या महिन्यात मी हे एका ग्रामसंघात बोलत होते, तर मागून एक आजी म्हणाल्या, "आन् ज्याच्या विहिरीवरची केबल पोट्ट्यायनं नेली त्याचं काय वो? त्याचं पिकं वाळलं न." आजींचं बरोबर आहे. मुलगा लहान आहे म्हणून शेतकऱ्याचं नुकसान लहान होत नाही. मंडळाला समज देण्यापासून समाजसेवा करायला लावण्यापर्यंत, आईबापाला दंड करण्यापासून तीन वर्षं विशेष गृहात ठेवण्यापर्यंत आदेश देता येतात. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने खून-बलात्कारासारखा गुन्हा केला असेल तर आधी तपासणी करून मोठ्यांसारखा खटलाही चालू शकतो. म्हणजे सुटका अशी नाही. पण केबल चोरणाऱ्या पोराला मारून, चोर म्हणून शिक्का मारून सोडलं, तर पुढच्या वर्षी तो केबलवर थांबत नाही. आणि हो, अशा मुलाला शिक्षा झाली तरी त्या एका कारणाने त्याला पुढे नोकरीला अपात्र ठरवता येत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हे माहीत असू द्या.

आता पैशाकडे येते.

मुलांच्या संरक्षणाची केंद्राची योजना आहे, मिशन वात्सल्य. आधी तिचं नाव एकात्मिक बाल संरक्षण योजना होतं, २००९ पासून चालू. आपल्या राज्यात यातले साठ रुपये केंद्राचे आणि चाळीस राज्याचे. निरीक्षणगृह, बालगृह, तिथले समुपदेशक, यवतमाळचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, हे सगळं या पैशातून चालतं. हा कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आहे. याच योजनेतून अडचणीतल्या मुलाच्या घरी महिन्याला चार हजार रुपये प्रायोजकत्व म्हणून मिळू शकतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागाला बहात्तर हजार. विधवा, परित्यक्ता यांची मुलं यात येतात. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलालाही पुढची काही वर्षं मदतीची सोय आहे.

राज्याची वेगळी बाल संगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची. तीत मुलामागे महिन्याला २२५० रुपये, २०२३ पासून. आपल्या जिल्ह्यात किती घरांत शेतकरी बापाने जीव दिला हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. त्या घरांतल्या मुलांसाठी ही योजना आहे. कागद लागतात ते असे: मुलाचं आणि आईचं आधार, बापाचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, फोटो. बोनाफाईड म्हणजे मूल शाळेत असलं पाहिजे. म्हणून म्हणते, शाळा सुटायच्या आधी अर्ज. पोरगं एकदा ठेकेदाराबरोबर गेलं की बोनाफाईड कुठून आणणार? दोन्ही योजनांचा पैसा एकाच मुलाला एकाच वेळी मिळत नाही, तेव्हा आधी कक्षात विचारून जे लागू पडतं तेच भरा.

हा झाला घरात येणारा पैसा. गावात येणारा पैसा वेगळा, आणि मला जास्त चिंता त्याची वाटते, कारण घरचा पैसा आई मागते. गावचा कुणी मागत नाही.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. समजा तुमच्या ग्रामपंचायतीचं घरपट्टी, पाणीपट्टी, दुकान गाळे धरून वर्षाला तीन लाख उत्पन्न आहे. त्यातले तीस हजार तुमचे आणि मुलांचे. विचारलंय कधी कुठे गेले? मी ज्या ग्रामपंचायतींचे कागद पाहिले त्यात अंगणवाडीच्या खुर्च्या, सतरंज्या, भिंतीवरची चित्रं, असं असतं. अंगणवाडीला खुर्च्या पाहिजेतच. पण दरवर्षी खुर्च्या? आणि पंधरा वर्षांच्या पोराला त्यात काय मिळालं? तो अंगणवाडीचा राहिला नाही, लाडक्या बहिणीचा नाही, कुठल्याच यादीत नाही. पहिल्या यादीत त्याचं नाव येतं ते ठाण्याच्या.

तीस हजारात काय होईल? समाज मंदिराच्या एका खोलीत संध्याकाळी सात ते नऊ दिवा, पंखा, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, आणि ती खोली उघडणारा एक विश्वासू मुलगा किंवा मुलगी. व्हॉलीबॉलची जाळी. पोरींसाठी वेगळी वेळ, नाहीतर त्या येणारच नाहीत. एका गावात तर बायांनी फक्त एवढंच मागितलं होतं की शाळेच्या मैदानावरचा बंद पडलेला दिवा सुरू करा. तो लागला आणि तिथे रात्री बसणारी दारूची मंडळी दुसरीकडे गेली. खर्च ऐकाल तर हसाल.

दुसरा पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी दोन भागांत यायचा. साठ टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेलाच. चाळीस टक्के अबंधित, त्यात पगार आणि कार्यालयाचा खर्च सोडून गावाच्या गरजेचं काम घेता येतं. पंधराव्या आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचा, पुढे सोळावा. आयोग बदलतात, एक नियम बदलत नाही: आराखड्यात नाव नसलेल्या कामाला पैसा नाही. आमचा गाव आमचा विकास म्हणून जो आराखडा होतो तो हाच. त्यासाठी नऊ विषय ठरवून दिलेत, त्यात बालस्नेही गाव आहे, महिलास्नेही गाव आहे, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव आहे. आपला ग्रामसंघ दरवर्षी गरिबी निर्मूलनाचा आराखडा करून ग्रामपंचायतीला देतो ना, त्यात शौचालय, घरकुल, विहीर, शेळ्या, सगळं असतं. मी मागच्या वर्षीचे आपल्या प्रभागातले सगळे आराखडे चाळले. किशोरवयीन मुलांसाठी एकही मागणी नव्हती. मागितलं नाही म्हणून मिळालं नाही, यात सरपंचाला दोष कसा देणार?

केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या बाजूला बरीच गावं पेसात आहेत. त्या गावांच्या ताईंनी कान इकडे करा. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट तुमच्याकडे येतो, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेनं ठरवायचं असतं. शिक्षण आणि आरोग्य हे विषय त्यात बसतात. अभ्यासिका तिथून होऊ शकते. कोलाम पोडावरचं पोरगं आश्रमशाळेतून दिवाळीला घरी येतं आणि परत जात नाही, त्याच्या मागे कोण जाणार, यासाठीसुद्धा तुमची ग्रामसभा काही ठरवू शकते.

मोठी कामं जिल्हा वार्षिक योजनेतून. त्याच योजनेतून पोलिसांना गाड्या मिळतात, चौकात कॅमेरे लागतात. लागू देत, मला राग नाही. पण त्याच जिल्हा नियोजनातून व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाचं अनुदानही मिळतं, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून, आणि तो अर्ज ग्रामपंचायतीने ठराव करून करायचा असतो. कॅमेरा पोराला पकडतो. मैदान त्याला संध्याकाळभर गुंतवून ठेवतं. मला विचाराल तर आधी मैदान.

हे सगळं मागायचं कुणी, आणि कुठे? जागा दोन आहेत.

एक, ग्राम बाल संरक्षण समिती. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा ताई, गावातली मुलंही त्यात. बहुतेक गावांत ती कागदावर आहे. अंगणवाडी सेविकेला विचारा, पण भांडू नका तिच्याशी. तिच्याकडे आधीच दहा रजिस्टर आहेत. तिला म्हणा, बैठक लाव, आम्ही बसतो, इतिवृत्त आमच्या गटातली लिहिता येणारी मुलगी लिहील. समितीत बचत गटाची बाई नसेल तर घ्यायला लावा. आणि बैठकीत पोरांची नावं घेऊन चर्चा करू नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत गावभर होते. शाळेतून कोण गळालं, कुणाच्या घरी मोठं माणूस नाही, कुठे रात्री पोरं जमतात, एवढंच बोला.

दुसरी जागा महिला सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. आपल्याकडे काय होतं? शिपाई वही घेऊन घरोघरी फिरतो, "ताई, सही करा," आणि आपण पोळ्या लाटता लाटता सही करतो. सभा झाली! मैत्रिणींनो, ती सही म्हणजे आपलं मत. बँकेच्या कर्जाच्या कागदावर न वाचता सही करायची नाही हे आपण गटात शिकलो. मग ही सही का फुकट?

पुढच्या ग्रामसभेच्या आधी पंधरा मिनिटं काढून ग्रामसंघाच्या बैठकीत एक ठराव लिहा. लांबलचक नको. मी नमुना सांगते: "आमच्या गावातील बारा ते अठरा वयोगटातील मुलामुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू करण्याचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावे, त्यासाठी महिला व बालकल्याणाच्या दहा टक्के निधीतून तरतूद करावी, आणि मागील वर्षी या निधीचा खर्च कशावर झाला ते सभेत वाचून दाखवावे." बस. शेवटचं वाक्य गाळू नका, ते महत्त्वाचं आहे. वाचून दाखवलं नाही तर मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडा, आपल्या गावाचा आराखडा दिसतो. तरी कळलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर तेही दहा लागत नाहीत.

काही ताई मला म्हणतात, तू शहरातून शिकून आली, तुला काय होतं बोलायला, आम्हाला त्या सरपंचाच्याच शेतात निंदणाला जावं लागतं. हे खरं आहे. म्हणून मी एकीला पुढे करायला सांगत नाही. ठरावावर ग्रामसंघाच्या सगळ्या गटांच्या अध्यक्षांच्या सह्या घ्या. दहा गटांच्या दहा सह्या असल्या की सरपंच कुणा एकीचं निंदण बंद करू शकत नाही. गावातलं दारूचं दुकान आडव्या बाटलीने बंद करायचं तरी महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. नुसती मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी. तिथे आपण मोजून बाया बाहेर काढतो. इथे तर दहाच सह्या.

आता प्रभागसंघाकडून मला एक मागायचं आहे, कार्यकारिणी समोरच बसली आहे म्हणून. आपल्या जोखीम प्रवणता निधीतून अचानक अडचणीत आलेल्या कुटुंबाला मदत देतो. मूल ठाण्यात किंवा मंडळापुढे गेलं असेल तर आईच्या प्रवासाचा, जेवणाचा, एक-दोन दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च त्यात धरावा, असा ठराव आज घ्यावा. वकिलाचा नाही, तो फुकट आहे. मध्यस्थाचा तर अजिबातच नाही. आणि अशी बाई कर्ज मागायला आली तर वहीत आजारपण लिहू नका. तिला बदनाम करण्यासाठी खरं लिहा असं मी म्हणत नाही. बैठकीत वाचताना "कौटुंबिक अडचण" म्हणा हवं तर. पण पैसे हातात ठेवायच्या आधी तिला विचारा, कुणाला देणार आहेस? आणि तिच्यासमोर १५१०० ला फोन लावा.

त्या काकूंचा मुलगा आता आयटीआयला आहे, वायरमनचं शिकतोय. मधे मला बसस्टँडवर भेटला, लाजला आणि तोंड फिरवलं. त्याने चांगलंच केलं, मला ओळखायची त्याला काही गरज नाही.

बाल संगोपन आणि प्रायोजकत्वाचे कोरे अर्ज मी पन्नास झेरॉक्स करून आणलेत, ठरावाचा नमुनाही आहे. चहाच्या टेबलाजवळ ठेवले आहेत. एका गावाने एक संच न्या, जास्त नेऊ नका, नाहीतर झरीच्या ताईंना उरणार नाहीत, त्यांची गाडी उशिरा आली आहे. अर्ज भरताना अडलं तर गुरुवारी मी प्रभागसंघाच्या कार्यालयात असते, अकरा ते चार.